सॉफ्टवेअरला पोळा कळतो का?

आयटीत नोकरी लागली की दोन गोष्टी आपोआप होतात. एक, वजन वाढतं. दोन, अख्ख्या खानदानाचं टेक सपोर्ट आपल्या गळ्यात पडतं. तुम्ही टेस्टिंग करत असा, एचआरमध्ये असा, नाहीतर दिवसभर नुसती प्रेझेंटेशन्स रंगवत असा. नातेवाइकांच्या लेखी तुम्ही ‘कॉम्प्युटरवाले’. मग प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, फोटो उडाले की फोन तुम्हालाच.

हे सगळं एकवेळ परवडलं. खरा डेंजर फोन वेगळाच असतो. तो असा सुरू होतो : ‘अगं, दुकानासाठी एखादं चांगलंसं सॉफ्टवेअर सांग ना.’

यावर आपण काय करतो? मीटिंगला जाता जाता, लिफ्टमध्ये, तीस सेकंदांत एखादं नाव ठोकून देतो. जे आपल्या ऑफिसात आहे ते, किंवा ज्याची जाहिरात कालच बघितली ते. मोबाइल कव्हर सुचवावं इतक्या सहज. पण बॉस, समोरच्या माणसाचा पुढच्या पाच-सात वर्षांचा हिशेब त्या नावात अडकणार असतो. म्हणून या वेळचा कॉलम त्या तीस सेकंदांसाठी.

मला असा फोन आला तो किनवटहून, मामांचा. मामांचं तिथे कृषी सेवा केंद्र आहे. ‘माय, तुमच्या मुंबईत कोणतं चालते?’ हा त्यांचा प्रश्न. मुंबईत काय चालतं यावर किनवटचं दुकान चालत नाही, एवढं तरी मला कळत होतं. जोडून सुट्ट्या आल्या होत्या. नंदीग्राम एक्सप्रेस पकडली आणि गेले.

वहीला सगळं माहीत असतं

ज्यांनी किनवट पाहिलं नाही त्यांच्यासाठी : नांदेड जिल्ह्याचं हे पार टोक. पैनगंगा, सागाचं जंगल, डोंगर आणि पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. बाजारात मराठी, गोरमाटी, गोंडी आणि तेलुगू अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. शेती बहुतेक पावसावरची. कापूस, सोयाबीन, तूर. त्यामुळे दुकानाचं अर्धं वर्ष जूनच्या दोन-तीन आठवड्यांत होऊन जातं. पाऊस पडला की काउंटरवर जत्रा. बियाणं, खत, मग मागोमाग फवारणीची औषधं. थोडे पैसे रोख, बाकी एकच वाक्य : ‘लिहून ठेवा.’

हे ‘लिहून ठेवा’ जिथे लिहिलं जातं ती मामांची लाल वही. मी दोन दिवस काउंटरमागे बसून ती वही वाचली. खरंच सांगते, आमच्या ऑफिसातल्या डेटाबेसपेक्षा तिचं डिझाइन भारी आहे.

पानं नावांप्रमाणे नाहीत, गावांप्रमाणे आहेत. बोधडी, सारखणी, इस्लापूर, मांडवी. त्यात तांडे वेगळे, पाडे वेगळे. कारण एकेका तांड्यावर राठोड किती, आडे किती, जाधव किती, याला गणतीच नाही, आणि त्यात नावंही तीच तीच. म्हणून प्रत्येक नावापुढे वडिलांचं नाव आणि एखादी खूण : ‘विहिरीजवळचे’, ‘मास्तरचे भाऊ’. त्यापुढे पीक. आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : ‘दिवाळी’ किंवा ‘संक्रांत’.

हा शब्द म्हणजे पैसे द्यायची मुदत. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येतं, म्हणून सोयाबीनवाला दिवाळीला देणार. कापसाची वेचणी पुढे चालते, म्हणून कापूसवाला संक्रांतीला. ना तारीख, ना इन्व्हॉइस ड्यू डेट. पीक हीच तारीख.

एकशे कितीतरी मेनू

मी पोचायच्या आधीच एक कंपनीवाला लॅपटॉप घेऊन डेमो देऊन गेला होता आणि ट्रायल टाकून गेला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. सॉफ्टवेअर दिसायला एकदम हायफाय. डाव्या बाजूला मेनूंची रांग, जी माउस फिरवून फिरवून संपत नाही. पेरोल आहे, प्रॉडक्शन प्लॅनिंग आहे, मल्टी-करन्सी आहे. दुकानात माणसं किती? मामा, दादा, वहिनी आणि पोती उचलणारा एक पोरगा. वहिनींनी मल्टी-करन्सीवर बोट ठेवून मला गंभीरपणे विचारलं, ‘काहो ताई, आदिलाबादला रुपयाच चालतो ना अजून?’

वहिनींची ओळख करून द्यायला हवी. त्या बीकॉम आहेत, दुपारी काउंटरवर त्याच असतात आणि पुढे हे दुकान त्याच चालवणार आहेत. सॉफ्टवेअर कुणासाठी घ्यायचं याचं उत्तर त्या घरात त्याच होत्या. डेमो मात्र झाला होता मामा आणि दादांसमोर. वहिनी आत चहा करत होत्या.

तर आम्ही दोघींनी वहीतली दहा खाती त्या ट्रायलमध्ये भरायला घेतली. तिसऱ्याच खात्याला अडलो. ग्राहक म्हणजे मोबाइल नंबर, असा त्या सॉफ्टवेअरचा पक्का समज. पण एका घरात नंबर एक आणि वाटण्या झालेल्या तीन भावांची खाती तीन. दुसऱ्या भावाचं खातं उघडायला गेलं की ‘हा ग्राहक आधीच आहे’ असा लाल डबा.

मग आली मुदत. उधारीची मुदत तीस दिवस. ती सगळ्यांना एकच. जूनमधली जुनी बिलं टाकून जुलैअखेरची यादी काढून बघितली, तर आख्खा तालुका लाल! वर ठसठशीत मथळा : ‘थकबाकीदार’. त्या यादीत असे लोक होते, ज्यांनी वीस वर्षांत एकदाही संक्रांत चुकवली नव्हती.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कहर. मुदत उलटली की ग्राहकाला आपोआप मेसेज. ‘आपली रक्कम थकीत आहे. त्वरित भरणा करावा.’ हे सेटिंग मुळातच चालू होतं. सुदैवाने ट्रायलमध्ये आम्ही सगळीकडे वहिनींचाच नंबर टाकला होता, त्यामुळे धडाधड मेसेज आले ते त्यांच्याच फोनवर.

मामांनी ते वाचले. एरवी बडबडे मामा क्षणभर गप्पच. मग म्हणाले, ‘पोळ्याच्या तोंडावर असा मेसेज? बैलाला सजवायला पैसे नसतात त्या टायमाला माणसाजवळ. पीक उभं असते, घरात दाणा नसतो. आम्ही पोळ्याच्या आधी कुणाच्या दारात जात नाही वसुलीला. माझ्या बापाच्या टायमापासून नाही.’

मंडळी, ही फक्त भावना नाही. मराठवाड्यातला शेतकरी कर्जाच्या ओझ्याखाली काय काय करून बसतो, हे आपण पेपरात वर्षानुवर्षं वाचतो आहोत. भर पावसाळ्यात, हातात पैसा यायची काहीच सोय नसताना, कुणा माणसाने नव्हे तर मशीनने पाठवलेला ‘त्वरित भरणा करावा’ हा मेसेज कुठल्या घरात कसा वाचला जाईल, सांगता येत नाही. ज्या कोणी ते तीस दिवस ठरवले त्याच्या डोळ्यासमोर शहरातला दुकानदार असणार. त्याची काही दुष्टबुद्धी नव्हती. पण प्रत्येक तयार सेटिंग म्हणजे कुणाचं तरी माणसांबद्दलचं मत असतं. ते मत आपल्या गिऱ्हाइकाला लागू पडतं का, हे आपणच बघायचं असतं.

कंपनीवाल्याला फोन लावला. ‘हे बदलून मिळेल का?’ तो एकदम खुशीत : ‘मॅडम, सगळं कस्टमाइज होतं!’ कसं? तर प्रत्येक बदलाचं कोटेशन हेड ऑफिसहून येणार, चार्ज वेगळा, आणि नवीन व्हर्जन आलं की ते बदल पुन्हा बसवायचे, त्याचा चार्ज आणखी वेगळा. म्हणजे बदलता येतं हे खरं, पण बदलणार ते, आपण नाही.

बापाचा धंदा, पोराचं सॉफ्टवेअर

आता जरा किनवटच्या बाहेर येऊ. कारण गंमत अशी, की आपल्या देशातली दोन गाजलेली बिझनेस सॉफ्टवेअर्स अशाच घरगुती वैतागातून जन्मली आहेत.

पहिलं अर्थात टॅली. श्यामसुंदर गोयंका हे कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना माल पुरवायचा धंदा करत. हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, ते लिहायला लावलं. भरत गणिताचे पदवीधर. १९८६ मध्ये बंगळुरात कंपनी सुरू झाली, नाव प्युट्रॉनिक्स. १९९९ मध्ये तीच टॅली सोल्यूशन्स झाली. त्या काळी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला कोड नंबर असायचा. अमुक गिऱ्हाईक म्हणजे अमुक आकडा, आणि तो पाठ पाहिजे. टॅलीने कोड काढून टाकले. नाव टाइप करा, खातं हजर. दुकानदार ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने कॉम्प्युटरनेही मारावी, एवढाच फंडा. पुढे ज्याला टॅलीत काही वेगळं हवं त्याच्यासाठी टीडीएल नावाची भाषाही आली. २०२० मध्ये भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली.

दुसरं ईआरपीनेक्स्ट. हे चक्क मुंबईचं. ऋषभ मेहता हा इंजिनीअर घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर बसवता बसवता या वाटेला लागला आणि २००८ मध्ये त्याने आपली कंपनी काढली. हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. त्यात नवा रकाना हवा असेल तर प्रोग्रॅमर लागत नाही. फॉर्म उघडायचा, रकाना घालायचा, नाव द्यायचं, झालं. अर्थात कारखान्यापासून शाळेपर्यंत सगळ्यांसाठी बनलेलं असल्याने चार माणसांच्या दुकानाला ते अंगापेक्षा मोठं होऊ शकतं, हेही खरं.

दोन्ही गोष्टींतलं साम्य बघा. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस धंद्याच्या जेवणाच्या टेबलावर बसलेला होता. तुमच्या-माझ्यासारखा, घरचाच कॉम्प्युटरवाला.

पण फार वाकवलं तर?

इथे तुम्ही म्हणाल, मग सोप्पं आहे, सगळंच आपल्या मनासारखं करून घ्यायचं. थांबा. त्याचीही एक सॉलिड स्टोरी आहे.

जर्मनीत लिडल नावाची सुपरमार्केटची प्रचंड साखळी आहे. त्यांनी २०११ मध्ये सॅपचं मोठं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. सॉफ्टवेअरची रीत अशी, की गोदामातल्या मालाची किंमत विक्रीच्या भावाने धरायची. लिडलची रीत खरेदीच्या भावाने. लिडल म्हणाली, आमची रीत आम्ही सोडणार नाही, तुमचं सॉफ्टवेअर बदला. बदल, मग त्या बदलासाठी आणखी बदल. सात वर्षं गेली, सुमारे ५० कोटी युरो गेले आणि २०१८ मध्ये त्यांनी तो प्रोजेक्ट सोडून दिला.

उलट टोकाला अमेरिकेतली हर्शी, चॉकलेटवाली. त्यांनी १९९९ मध्ये एका दमात मोठमोठी नवी सॉफ्टवेअर्स चालू केली. तीही घाईने, सणाच्या सीझनच्या तोंडावर. हॅलोविनला, म्हणजे चॉकलेटच्या दिवाळीला, माल गोदामात पडून आणि ऑर्डरी पूर्ण करता येईनात. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकल्या.

एकाने सॉफ्टवेअर तुटेपर्यंत वाकवलं. दुसऱ्याने धंद्याला ऐन सीझनमध्ये मान वाकवायला लावली. किनवटचं दुकान या दोघांपुढे चिमूटभर. पण चूक करायची जागा तीच.

कागदावर दोन रकाने

मग आम्ही तिघं, म्हणजे मामा, वहिनी आणि मी, रात्री जेवण झाल्यावर एक कोरा कागद घेऊन बसलो. मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘सरकारचं’, उजवीकडे ‘आपलं’.

सरकारचं म्हणजे जे सगळ्या दुकानांना सारखं. बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. म्हणजे एकाच बिलावर तीन तऱ्हा. बियाण्याचा लॉट नंबर बिलावर हवाच, कारण उगवलं नाही तर शेतकऱ्याच्या हातात पुरावा तोच एक. औषधाचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी. अनुदानित खत पॉस मशीनवर गिऱ्हाइकाची ओळख पटवूनच विकायचं, हे २०१८ पासून देशभर लागू झालं. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, त्यात ना मामांची मर्जी ना सॉफ्टवेअरची. आणि नियम बदलत राहतात. २०२३ मध्ये केंद्राने बियाण्यांसाठी ‘साथी’ पोर्टल आणलं. २२ सप्टेंबर २०२५ ला सूक्ष्म अन्नद्रव्यांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अशा वेळी नवा दर त्या तारखेपासून लागायला हवा आणि आधीची बिलं जुन्या दरानेच राहायला हवीत.

या डाव्या रकान्यात कस्टमायझेशनचा हट्ट धरायचा नाही. उलट जे सॉफ्टवेअर हजारो दुकानं वापरतात ते बरं, कारण नियम बदलला की कंपनीच अपडेट देते. इथे सगळ्यांसारखं असण्यातच शहाणपण.

उजव्या रकान्यात शेवटी चारच गोष्टी उरल्या. गाव आणि तांडा. वडिलांचं नाव आणि खूण. पिकाप्रमाणे मुदत. आणि मेसेज आपण ठरवू तेव्हाच, आपल्या शब्दांत. बस्स. मला वाटलं होतं वीसेक निघतील. चारच. पण त्या चारांवर दुकानाची सगळी उधारी उभी आहे.

आणि मग निवड एकदम सोपी झाली. डावा रकाना तयार मिळाला पाहिजे, उजवा रकाना आपल्याला स्वतः बदलता आला पाहिजे, आणि बाकीचं जेवढं कमी तेवढं बरं.

डेमोला जाताना

त्यानंतर आम्ही आणखी तीन सॉफ्टवेअर्स बघितली. प्रत्येकाला हेच पाच प्रश्न विचारले. कापून ठेवा, तुमच्याही कामाला येतील.

१) वहीतली दहा खरी खाती भरून दाखवा. कंपनीच्या नमुन्यातला ‘एबीसी ट्रेडर्स’ नको. सगळ्यात किचकट दहा खाती निवडा. एक मोबाइल-तीन भाऊ, अर्धं रोख-अर्धं उधार, परत आलेली दोन पाकिटं. जे अडायचं ते इथेच अडतं.

२) काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या हातात माउस द्या. कंपनीवाल्याने फक्त बघायचं. जूनच्या गर्दीत एक बिल किती क्लिकमध्ये होतं ते मोजा. मेनू लपवता येतात का तेही विचारा. जे वापरायचंच नाही ते दिसू नये, हेही कस्टमायझेशनच की.

३) नवा रकाना आत्ता, इथे, माझ्यासमोर घालून दाखवा. ‘होतं मॅडम’ हे उत्तर चालणार नाही. आमच्या वहिनींनी एका सॉफ्टवेअरमध्ये गावाप्रमाणे गट स्वतः करून पाहिले. सहा मिनिटं लागली. तिथेच निम्मा निकाल लागला.

४) मराठी युनिकोडमध्ये आहे ना? जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी त्याच कॉम्प्युटरवर सुंदर दिसतं. दुसरीकडे नेलं की रोमन अक्षरांची भेळ. शोधायला जा, सापडत नाही. बिल शेतकऱ्याला वाचता आलं पाहिजे आणि नाव कॉम्प्युटरला शोधता आलं पाहिजे.

५) उद्या तुम्हाला सोडलं तर माझा डेटा कसा बाहेर काढायचा? हे लग्नाआधी घटस्फोटाचं विचारल्यासारखं वाटतं, पण विचारा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवायचा असतो. तोवर ती कंपनी असेल का, आपण तिच्याकडे असू का, कुणी सांगावं? सगळी खाती एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये निघायला हवीत, आणि तेही तिथल्या तिथे. आणि हो, नेट नसताना बिल होतं का? किनवटच्या जंगलपट्ट्यात हा प्रश्न नाही, अट आहे.

‘मग सरळ एक्सेलच का नको?’ असं दादाने विचारलं. चांगला प्रश्न आहे. स्प्रेडशीटइतकं बदलता येणारं दुसरं काही नाही. १९७९ मध्ये व्हिजीकॅल्क आलं, तेव्हापासून जगातले अर्धे छोटे धंदे त्यावरच तर चालतात. दुकान अगदी छोटं असेल तर खुशाल घ्या. पण एक्सेल नाही म्हणत नाही. काहीही टाका, घेतं. लॉट नंबर विसरला, घेतं. एक ओळ चुकून पुसली, तरी गप्प. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ केसेस अशाच वेळेवर नोंदल्या गेल्या नाहीत, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. तिने कुणाला ओरडून सांगितलं नाही. जिथे दोघं-तिघं एकाच फाइलमध्ये लिहिणार आणि पैसे लोकांचे, तिथे अधूनमधून ‘नाही’ म्हणणारं काहीतरी हवं.

मग पुढे?

आम्ही काय घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात होईल. चारांतलं सर्वांत छोटं आणि दिसायला सगळ्यात साधं, एवढं सांगते. हर्शीची स्टोरी मामांना फार पटली होती, त्यामुळे जूनमध्ये हात लावायचा नाही हे त्यांनीच ठरवलं. सुरुवात संक्रांतीनंतर केली, वसुली बहुतेक होऊन वही हलकी झाल्यावर. आधी एकच गाव, बोधडी. महिनाभर वही आणि कॉम्प्युटर दोन्ही. महिन्याच्या शेवटी बेरजा जुळल्या तेव्हाच दुसरं गाव.

सगळं गोड झालं असं मुळीच नाही. पॉस मशीनवर एकदा आणि सॉफ्टवेअरमध्ये एकदा, खताची नोंद अजूनही दोनदा करावी लागते. पहिल्या जूनमध्ये दोन दिवस लाइट नव्हती तेव्हा बिलबुकं बाहेर काढावी लागली आणि मग वहिनी रात्री अकरापर्यंत नोंदी भरत बसल्या. मामा अजूनही नवं खातं आधी वहीत लिहितात. लिहू देत.

पण एक गोष्ट बदलली. त्या पावसाळ्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दहा दिवस दुकानात यायचं नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद. एरवी अशा वेळी सगळी उधारी मामांच्या डोक्यात, म्हणून दुकान अर्धं बंद. या वेळी वहिनींनी चालवलं. एक म्हातारे बाबा आले, फवारणीचं औषध मागितलं, पैसे नव्हते. वहिनींना ते कुठले, कुणाचे, काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तांडा विचारला, वडिलांचं नाव विचारलं. स्क्रीनवर खातं आलं : कापूस, संक्रांत, मागच्या सहा वर्षांच्या नोंदी, एकही बाकी नाही. वहिनींनी औषध दिलं आणि पुढच्या ओळीत लिहिलं. तीस दिवसांचं गणित तसंच ठेवलं असतं तर त्याच बाबांचं नाव लाल अक्षरात दिसलं असतं, आणि नवख्या माणसाने त्यांना दारातून परत पाठवलं असतं. मामांच्या डोक्यात जो विश्वास होता तो आता दुसऱ्या माणसालाही वाचता येतो. माझ्या मते त्या सॉफ्टवेअरचे सगळे पैसे त्या दिवशीच वसूल झाले.

त्यानंतर वहिनींनी स्वतःच एक रकाना वाढवला. मला विचारलं नाही, कंपनीला तर नाहीच. ‘घरातल्या कोणत्या बाईशी बोलायचं.’ कारण त्यांच्या मते, बियाणं कोणतं घ्यायचं हे बाप्ये काउंटरवर येऊन सांगतात, पण पैसे कधी येणार हे घरातल्या बाईलाच पक्कं माहीत असतं. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीला हा रकाना सुचला नसता!

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी कुणा काका, मावशी, मित्राचा तो फोन आला तर लिफ्टमधून नाव सांगू नका. त्यांना म्हणा, आधी तुमच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवा. शांतपणे वाचा. समासात, कोपऱ्यात, कंसात जे काही बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, त्याखाली रेघ मारा. डेमोमध्ये फक्त तेवढंच करून दाखवायला सांगा.